देखभालीचे बिल लावले, टायमिंग बेल्ट मात्र जुनाच: वापरलेल्या मोटारीबाबत तक्रार

प्रति,
मा. ग्राहक सेवा व्यवस्थापक,
वापरलेल्या मोटारींचा विक्री व सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, बंगळूरु.

विषय: देखभाल योजनेत बिल लावूनही न केलेली कामे पूर्ण करून मिळण्याबाबत आणि गाडीच्या पूर्वीच्या सर्व्हिसच्या नोंदी मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या बेळगाव शाखेतून मी एक डिझेल हॅचबॅक विकत घेतली. व्यवहाराच्या वेळी तिच्या ओडोमीटरवर 1,38,000 किलोमीटरहून अधिक रनिंग दिसत होते. इतकी चाललेली गाडी घेताना काय पत्करावे लागते याची मला कल्पना होती, आणि म्हणूनच गाडीच्या किमतीव्यतिरिक्त 24,000 रुपये भरून मी आपली देखभाल योजना घेतली. टायमिंग बेल्ट (इंजिनातील पिस्टन आणि व्हॉल्व्ह म्हणजे झडपा यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा), त्याचा टेन्शनर व आयडलर (बेल्ट ताणून धरणारी व त्याला दिशा देणारी चाके), वॉटर पंप, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव), ब्रेक ऑइल, डिझेल फिल्टर आणि इंजिन ऑइल या योजनेत बदलून मिळेल, असे शाखेने दिलेल्या छापील पत्रकात म्हटले आहे. या सर्व कामांची रक्कम बिलात आहे. गाडीत मात्र यांतील महत्त्वाची कामे झालेलीच नाहीत.

जे झाले ते आधी नमूद करतो. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर व डिझेल फिल्टर बदलले आहेत, हे मला मान्य आहे. डिझेल इंजिनात नवे ऑइलही काजळीमुळे लवकरच काळे पडते, त्यामुळे ऑइलच्या रंगावरून मी काही म्हणत नाही. गाडी धुऊन, पॉलिश करून चकचकीत दिली होती, याबद्दलही वाद नाही. पण त्यासाठी मी पैसे भरले नव्हते.

इंजिनाच्या पुढच्या बाजूने बारीक घरघर येऊ लागली म्हणून मी गाडी बेळगावच्या उद्यमबागेतील एका अनुभवी मेकॅनिककडे दाखवली. त्यांनी टायमिंग कव्हरचा वरचा भाग माझ्यासमोर उघडला. आतल्या बेल्टवरील छापील अक्षरे पूर्ण पुसट झालेली होती, दातांच्या मुळाशी बारीक चिरा होत्या, आणि वॉटर पंपाच्या गळतीच्या छिद्राखाली वाळलेल्या कूलंटचा जुना थर साचलेला होता. नुकत्याच बसवलेल्या पंपावर असा थर असणे शक्य नाही. त्याच वेळी काढलेली छायाचित्रे या पत्रासोबत जोडली आहेत.

आपल्या बेळगाव कार्यशाळेच्या प्रमुखांना ही छायाचित्रे दाखवली असता, बेल्ट तपासला होता आणि तो ठीक वाटल्याने बदलला नाही, असे त्यांनी सांगितले. बदललाच नाही तर नव्या बेल्टची, टेन्शनरची, पंपाची आणि ते सारे बसवण्याच्या मजुरीची रक्कम बिलात कशी आली, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. शिवाय हे स्पष्टीकरण तांत्रिकदृष्ट्याही टिकत नाही. टायमिंग बेल्ट रबराचा असतो आणि तो धावलेल्या अंतराने जसा झिजतो तसा नुसत्या वयानेही कडक होतो. म्हणूनच उत्पादक तो बदलण्यासाठी किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा देतात व त्यांपैकी जी आधी येईल ती पाळायला सांगतात. वरून धडधाकट दिसणारा बेल्टही आतून दुबळा झालेला असू शकतो. माझ्या गाडीसारख्या इंजिनात बेल्ट तुटला किंवा काही दात घसरला, तर उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळतात, आणि मग खर्च बेल्टचा राहत नाही, तो इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवण्यावर जातो. टेन्शनर आणि पंप बेल्टबरोबरच बदलतात त्याचे कारणही साधे आहे: त्यांचे बेअरिंग अडकले तर नवा बेल्टही जातो, आणि खोलण्या-जोडण्याची मजुरी एकदाच पडते.

कूलंटची अवस्था याहून वेगळी नाही. टाकीतून निघालेले पाणी गंजाच्या रंगाचे होते. कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये काळाने संपतात, आणि कोणी त्यात बोअरचे पाणी भरत राहिले तर रेडिएटरमध्ये क्षार साचतात. हे आपल्या तंत्रज्ञांना मी सांगावे असे नाही.

ब्रेक ऑइलबाबत मात्र मला अधिक स्पष्टपणे लिहावे लागत आहे, कारण तो जिवाचा प्रश्न आहे. मी खानापूर तालुक्यात राहतो आणि कामानिमित्त जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटातून गोव्यात उतरतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात हवेत ओलावा किती असतो हे बेळगाव शाखेतील कोणीही सांगेल. डॉट 4 प्रतीचे नवे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये आणि पाणी शोषलेल्या अवस्थेत ती मर्यादा किमान 155 अंश असावी, असे मानक आहे. घाटाच्या लांब उतारावर ब्रेक तापत राहिले की जुन्या ऑइलमध्ये वाफ धरते, पेडल मऊ पडते आणि ब्रेक हवा तसा लागत नाही. माझ्या गाडीतील ऑइल गडद तपकिरी निघाले आणि चाकांजवळच्या ब्लीडिंग निप्पलवर, म्हणजे जुने ऑइल काढण्याच्या तोंडावर, पाना लागल्याची एकही ताजी खूण नव्हती. घाटात जाणाऱ्या ग्राहकाला ब्रेक ऑइल बदलल्याचे खोटे बिल देणे ही निव्वळ हिशेबातील चूक म्हणता येणार नाही.

जास्त चाललेल्या गाडीत कोणता भाग किती किलोमीटरवर बदलला गेला, ही नोंद त्या भागाइतकीच महत्त्वाची असते, कारण पुढचे काम कधी करायचे ते तिच्यावरच ठरते. गाडी पूर्वी कोल्हापूर पासिंगची होती आणि नंतर ती बेळगाव आरटीओकडे नोंदली गेली. पूर्वीच्या सर्व्हिसच्या नोंदी मागितल्यावर, महाराष्ट्रातील शाखांची माहिती कर्नाटकात मिळत नाही, असे मला सांगण्यात आले. गाडी राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून इकडे आली म्हणून तिच्या इंजिनाचा इतिहास पुसला जात नाही, आणि विक्रीपूर्वी गाडीची पूर्ण तपासणी केल्याचे प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीने तर असे म्हणूच नये. पूर्वीच्या मालकाचे नाव व पत्ता मला नको आहे. ते झाकून, चॅसिस क्रमांकावरील कामांची यादी तारीख व ओडोमीटरसह द्यावी.

आपल्या दूरध्वनी सेवेने मला सांगितले की, झिजणारे भाग हमीत येत नाहीत. मी हमीचा दावा केलेलाच नाही. ज्याचे पैसे घेतले ते काम मागत आहे.

त्याच संभाषणात मला गाडी चालवत हुबळीच्या कार्यशाळेत आणण्यास सुचवले गेले. ज्या बेल्टचे वय कोणालाच ठाऊक नाही त्याच्या भरवशावर ती महामार्गावर काढण्याची माझी तयारी नाही. तरी गाडी खानापुरातून आपल्या खर्चाने उचलून न्यावी आणि बिलातील राहिलेली सर्व कामे माझ्या उपस्थितीत करावीत. काढलेले जुने भाग माझ्या ताब्यात द्यावेत आणि नव्या भागांचे पार्ट क्रमांक व त्या वेळचे रनिंग जॉब कार्डवर लिहावे. हे शक्य नसेल तर त्या कामांची रक्कम परत करावी. मी ती कामे उद्यमबागेत करून घेईन.

ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 2(11) नुसार ग्राहकापासून संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणे हीदेखील सेवेतील उणीव ठरते. त्याच कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही. माझी गाडी या मर्यादेत बसते. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी बेळगाव जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज दाखल करीन. बिल, योजनेचे पत्रक, तपासणी प्रमाणपत्र आणि मेकॅनिकचा सहीचा अहवाल यांच्या प्रती सोबत पाठवत आहे; मूळ कागद माझ्याकडे आहेत.

आपला,
गाडीमालक व योजनाधारक ग्राहक,
ता. खानापूर, जि. बेळगाव.