रक्तगटाच्या खाली आणखी एक ओळ हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मराठी बायोडाटात रास, गोत्र, जन्मवेळ यांच्या जोडीला 'रक्तगट' असतोच. गेल्या वर्षी माझ्या नातीचं एक स्थळ त्यावरूनच मोडलं. दोघांचाही बी पॉझिटिव्ह. 'एकच रक्तगट नको' असा मुलाच्या मामांचा निरोप आला. रक्तगट सारखा असल्याने होणाऱ्या मुलांना काहीही अपाय होत नाही. जपावं लागतं ते आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर, आणि त्यावर अँटी-डीचं इंजेक्शन आहे. जी तपासणी खरंच विचारायला हवी होती, थॅलेसिमिया या रक्ताच्या आनुवंशिक दोषाची, ती त्यांनी विचारली नाही, आणि आम्हालाही ती ठाऊक नव्हती.

नात २५ वर्षांची. कॉलेजपासून हिमोग्लोबिन १० ते ११ च्या दरम्यान. बायकांचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या त्या दोन वर्षं चालल्या. पोट बिघडायचं, तरी ती घ्यायची. वर माझं बीट, खजूर, गूळ-दाणे. आकडा हलेना. 'नीट जेवत नाहीस' ही बोलणी तिने माझ्याकडूनही खाल्ली, याचं मला आज फार वाईट वाटतं.

उलगडा झाला रक्तदान शिबिरात. रक्त द्यायला किमान १२.५ लागतं, हिचं १०.९, म्हणून घेतलं नाही. पण तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी जुने रिपोर्ट आणायला सांगितले. फायलीत तीन सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे रिपोर्ट, होते. हिमोग्लोबिन सोडून त्यांनी दुसऱ्याच दोन ओळींवर बोट ठेवलं. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ८० ते १०० असायला हवं ते ६३.४. आणि पेशींची संख्या ५६ लाख ४० हजार. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, पण सहसा त्यांची संख्याही घटते. इथे पेशी लहान आणि संख्या भरपूर. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, म्हणून त्यांचा भागाकार लक्षात राहिला: ६३.४ भागिले ५.६४ (पेशींची संख्या दशलक्षांत), उत्तर ११.२. तेराच्या खाली आलं तर थॅलेसिमिया मायनरचा, म्हणजे माणूस या दोषाचा नुसता वाहक असल्याचा, संशय घ्यायचा. हा नुसता इशारा, निदान नव्हे. पुढे फेरिटिन केलं, लोहाचा साठा पुरेसा निघाला. मग एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी, केली. त्यातला एचबीए-टू हा प्रकार ५.३ टक्के, साडेतीनच्या वर म्हणजे वाहक.

तिन्ही रिपोर्टांत एमसीव्ही कमीच छापलेलं होतं. कोणी वाचलं नाही.

गोळ्या बंद झाल्या, कारण जादा लोह बाहेर टाकण्याची शरीराकडे सोय नसते. मग माझ्या मुलाची, म्हणजे नातीच्या वडिलांची, तपासणी केली, तो वाहक. शेवटी माझी, वयाच्या ७१ व्या वर्षी, मीही. बाळंतपणांत मला 'अशक्त' म्हणत, ते हेच असणार. 'हे सिंधी-पंजाब्यांत असतं' असं इंदुरात सर्रास बोललं जातं. त्यांच्यात प्रमाण जास्त आहे खरं, पण आमचं रामबागेतलं चार पिढ्यांचं मराठी घर आहे.

मायनर असलेलं माणूस धडधाकट जगतं. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता थॅलेसिमिया मेजरची, म्हणजे गंभीर आजाराची, आणि त्या बाळाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. १ जुलै २०२३ ला आपल्याच मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारासाठी मोहीम सुरू झाली, तिच्यात तपासलेल्यांना कार्ड मिळतं. लग्न ठरवताना दोघांची कार्डं ताडून पाहता येतात. थॅलेसिमियासाठी निदान एक रकाना आपण करू शकतो. मात्र लोहाची कमतरता असेल तर एचबीए-टू खोटं कमी दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांना दाखवूनच अर्थ लावावा.

नातीने नव्या बायोडाटात रक्तगटाखाली स्वतःहून लिहिलं: 'बीटा थॅलेसिमिया मायनर'. दोन घरांनी त्यानंतर फोन केला नाही. तिसऱ्या घरच्या मुलाने आधी स्वतःची तपासणी करून रिपोर्ट पाठवला, त्याचं सगळं ठीक आहे. ती मंडळी येत्या रविवारी येताहेत.

आपल्या वधू-वर सदरात आणि इथल्या मंडळांच्या फॉर्मवर ही ओळ कायमची छापता येईल का? जाहिरातीच्या जादा शब्दांचे पैसे पडत असतील, तर पहिल्या महिन्याचे मी भरते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर