दोरी ओढणाऱ्याला इथे ओरडा बसत नाही

क्योतो, नोव्हेंबर

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं 'जेवलीस का' आणि 'थंडी आहे का' याच्यापुढे जातच नाही, तेवढ्यात आमचा गाइड झेंडा उंच करून चालायला लागतो. म्हणून आज रात्री निवांत लिहायला बसले. दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकते: वेळेवर जेवते आहे, आणि थंडी आहे पण स्वेटर पुरतो.

आमचा जथा सगळा छोट्या कारखानदारांचा. कोणी डाय बनवतं, कोणी रबराचे सील, कोणी पॅकिंगचे खोके. संघटनेने पाठवलेल्या कार्यक्रमात 'इनोव्हेशन' हा शब्द इतक्यांदा होता की मला धास्तीच वाटली होती, आता रोज एसी हॉलमध्ये बसून स्लाइडा बघायच्या. तोक्योत तसंच झालं, त्यामुळे तोक्योबद्दल फार लिहीत नाही. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं आणि घेतल्यावर लगेच खिशात कोंबायचं नाही, एवढं मात्र पक्कं शिकले. आमच्यात एक काका आहेत, त्यांना आम्ही कॉस्टिंगकाका म्हणतो. कुठेही गेलं तरी त्यांचा एकच प्रश्न: 'याला खर्च किती येतो?' दुभाषी मुलगी आता त्यांनी तोंड उघडायच्या आत तो प्रश्न जपानीत विचारून मोकळी होते.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट. तोक्योहून नागोयाला शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, निघालो तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याही हातात मोठी बॅग नव्हती. बॅगा हॉटेलच्या काउंटरवर देऊन टाकायच्या, दुसऱ्या दिवशी त्या पुढच्या हॉटेलात हजर. ताक्क्यूबिन म्हणतात याला, यामातो कंपनीने 1976 मध्ये सुरू केलं. गाडी मधल्या स्टेशनात जेमतेम एक-दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात सामानासकट आमची वरात आत शिरली असती असं मला वाटत नाही. कंबर धरून बॅग ओढणारी तू डोळ्यासमोर आलीस.

पण बाबा, हे पत्र खरं तर नागोयासाठी लिहिते आहे.

तिथे टोयोटाचं एक संग्रहालय आहे, लाल विटांच्या जुन्या मागांच्या कारखान्यात, 1994 मध्ये उघडलेलं. मी गाड्या बघायला गेले आणि मागांपाशीच अडकले. टोयोटाची सुरुवात मागांपासून झाली हे वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. साकिची तोयोदा हा सुताराचा मुलगा. गावातल्या बायका मागावर राबताना बघून त्याने लाकडी हातमाग सुधारला आणि 1891 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तिथून 1924 च्या स्वयंचलित मागापर्यंत त्याचं अख्खं आयुष्य गेलं.

हा 1924 चा माग तिथला माणूस चालवून दाखवतो. खडखडाट असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग तो हाताने ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एकच धागा तोडतो. प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी अडकवलेली असते, ती खाली पडते आणि माग जागच्या जागी गप्प. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातलं सूत संपत आलं तर मात्र माग थांबत नाही, चालता चालताच नवा धोटा घेतो. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, सगळं काम कॅम आणि लिव्हरचं. तुम्ही असतात तर दोरखंड ओलांडून खाली डोकं घातलं असतंत आणि मला त्या माणसाची माफी मागावी लागली असती.

यातली खुबी मला तिथे उभी राहिल्यावर कळली. धागा तुटूनही माग चालत राहिला तर तो जोमाने खराब कापड विणतो. म्हणून प्रत्येक मागाशी डोळे लावून माणूस बसवावा लागे. माग स्वतःच थांबायला लागला, तेव्हा एक माणूस कितीतरी माग सांभाळू शकला. वेग वाढवून कोणीही मशीन विकेल, याने थांबणं विकलं. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी त्याचे हक्क विकत घेतले. पुढच्याच वर्षी साकिची गेला, आणि मुलगा किइचिरो मोटारींच्या मागे लागला होता त्यातून 1937 मध्ये टोयोटा मोटर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी टोयोटाचा प्रत्यक्ष कारखाना. फोटो काढायला बंदी, वरच्या गॅलरीतून खाली बघायचं. लाइनवर प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी असते. काही खटकलं, एक बोल्ट नीट बसला नाही असं वाटलं तरी ती ओढायची. दिवा लागतो, छोटीशी धून वाजते आणि टीम लीडर धावत येतो. गाडी पुढच्या टप्प्यावर जाईपर्यंत अडचण सुटली तर ठीक, नाहीतर लाइन थांबते. सतत दोरी ओढणाऱ्याचं काय होतं, असं कोणीतरी विचारलं. त्यावर समजलं की ओढणाऱ्याचे आभार मानायचे, असंच इथे लीडरला शिकवतात.

आपल्या वर्कशॉपमध्ये मशीन थांबवणाऱ्याला तुम्ही काय म्हणायचात ते इथे लिहीत नाही, पत्र आईही वाचणार आहे. कॉस्टिंगकाका बसमध्ये म्हणाले, 'त्यांना थांबणं परवडतं हो, आपल्याला नाही.' गिऱ्हाइकाकडून परत आलेला अख्खा लॉट मात्र आपल्याला परवडतो, हे गणित मला कळत नाही. बसमध्ये यावर बराच वेळ वाद झाला, आणि मी एकटी पडले.

रविवारी सुट्टी होती म्हणून आम्ही ईसेला गेलो. तिथलं मुख्य देवस्थान दर 20 वर्षांनी शेजारच्याच मोकळ्या जागेवर हुबेहूब नव्याने बांधतात आणि मग जुनं उतरवतात. 2013 मध्ये 62 व्यांदा बांधलं, आता 2033 ला पुन्हा. आत जाता येत नाही, कुंपणापलीकडचं छप्पर तेवढं दिसतं, त्यामुळे काही जण वैतागले. मला मात्र तो शेजारचा रिकामा, खडी पसरलेला चौक बघूनच समाधान झालं. 20 वर्षांचं अंतर सुतारांना सोयीचं पडतं: पहिल्या खेपेला शिकायचं, दुसऱ्या खेपेला करायचं, तिसरी मिळाली तर शिकवायचं. जुनं लाकूडही वाया जात नाही. मुख्य मंदिराचे मोठे खांब पुढे नदीवरच्या पुलाजवळच्या तोरणदारांना, म्हणजे देवळापुढच्या कमानींना, लागतात. तुमचं गिअर हॉबिंगचं, म्हणजे गिअरचे दाते कापायचं, सेटिंग अजून फक्त तुमच्या डोक्यात आहे, बाबा. आले की नव्या पोराला तुमच्यासमोर उभा करणार आहे. तुम्ही खुर्चीवर बसून सांगा, हात त्याचे चालतील.

क्योतोत देवळं इतकी की दुपारनंतर नावं एकमेकांत मिसळतात. फुशिमी इनारी तेवढं वेगळं आठवेल. डोंगरभर केशरी तोरणदारांची रांग, चढताना नुसती कोरी दिसतात. उतरताना मागच्या बाजूला काळी अक्षरं दिसतात, दान देणाऱ्यांची नावं, त्यात कितीतरी कंपन्या. इनारी हा भाताचा आणि व्यापाराचाही देव. काकांनी अर्थातच एका दाराचा खर्च विचारला. तो आकारावर ठरतो म्हणे. गुडघ्यांच्या तक्रारीमुळे अर्धे लोक अर्ध्या डोंगरावरून परतले, त्यांच्यात मीही होते.

आणि आज शेवटची भेट, ओम्रॉन. आपल्या जेवणाच्या टेबलावरचं बीपीचं मशीन यांचंच. 1933 मध्ये सुरू झालेली कंपनी. रेल्वे स्टेशनात तिकीट आपोआप तपासणारी गेटं यांनी 1967 मध्येच बसवली होती, आणि रक्तदाब मोजायचं पहिलं मशीन 1973 चं. टेबल टेनिस खेळणारा त्यांचा रोबोही पाहिला. समोरच्याचा वकूब बघून तो आपला खेळ बेताने ठेवतो, म्हणजे खेळ चालू राहतो.

तिथे उभी असताना मला एक गोष्ट राहून राहून खुपत होती, ती आता लिहून टाकते. बाबा, तुमच्या त्या मशीनला मेमरी आहे. गेल्या वेळी घरी आले तेव्हा मी बटण दाबून मागचे आकडे पाहिले. डायरीत 130, 134, 128. मशीनमध्ये त्याच सकाळी 158, मग 151, मग 134. जास्त आला की तुम्ही पुन्हा मोजता, मनासारखा आकडा आला की तेवढाच लिहिता, आणि फोनवर मला 'एकदम उत्तम' म्हणून सांगता. आई, तुला हे ठाऊक आहे आणि तू त्यांची साथीदार आहेस. तुझ्या गुडघ्यांचंही तसंच. जिना चढताना मध्येच थांबून तू कुंड्या बघत असतेस, त्या कुंड्यांत बघण्यासारखं काही नसतं.

माझं काम अडेल, रजा पडेल, मी धावत येईन, या भीतीने तुम्ही दोघं गप्प राहता. धावत येईनच. चक्कर आली, छातीत जड वाटलं, रात्री झोप मोडली, तर त्याच दिवशी कळवा, बरं वाटल्यावर चार दिवसांनी नको. मी ओरडणार नाही. आणि पहिला आलेला आकडाही डायरीत लिहा. डॉक्टरांना तोही दाखवायला हवा, औषध सगळे आकडे बघूनच ठरणार.

परवा रात्री पोचते. विमानतळावर यायचं नाही, टॅक्सीने येईन.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, इथल्या स्टेशनांमध्ये जमिनीवर पिवळ्या उठावदार फरशा असतात, काठी टेकत चालणाऱ्या अंध माणसाला वाट कळावी म्हणून. पहिल्यांदा 1967 मध्ये ओकायामातल्या एका रस्त्यावर बसवल्या. लिफ्टही जवळपास सगळीकडे आहे आणि बॅगा आपल्याआधी पोचतात. वसंतात तिघांनी यायचं असं मी ठरवलं आहे, बाबांना मागांपाशी सोडून आपण दोघी हिंडू. तुमच्या दोघांच्या पासपोर्टची मुदत कधीपर्यंत आहे ते कपाटातून काढून बघून ठेव.