दापोलीला रुजू होण्याआधी

वेंगुर्ले

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू कृषी विद्यापीठात कर्णबधिर मुलासाठी सांकेतिक भाषेची दुभाषी म्हणून रुजू होशील. सामानाची यादी बाबांनी केलीच आहे, मी फक्त कामाचं लिहिते.

ऐकणारी मुलं फळ्याकडे बघता बघता सरांचं ऐकतात, वहीत लिहितानाही कान उघडाच असतो. कर्णबधिर मुलाला एका वेळी एकच जमतं. तो वहीत बघतो तेवढा वेळ तुझ्या खुणा वाया. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याला नोट्स देणारा वर्गमित्र ठरवून घे. सरांना सांग, नवीन स्लाइड लावली की ती वाचून होईपर्यंत थांबा. ते लगेच हो म्हणतील आणि दुसऱ्या दिवशी विसरतील. रोज तासाआधी आठवण कर, वैतागू नकोस.

उभी राहताना सरांच्या शेजारी, फळ्याच्या कडेला राहा, म्हणजे मुलाला मान न फिरवता तिन्ही दिसतील. पाठीशी खिडकी नको. उजेड मागून आला की चेहरा काळा पडतो, आणि प्रश्न, नकार, शंका यातलं बरंचसं चेहऱ्यावरच असतं. पावसात वीज जाणारच, तेव्हा चार्जिंगचा दिवा जवळ ठेव आणि तो समोरून, हातांवर आणि तोंडावर पडेल असा लाव. पत्र्याच्या शेडवर पाऊस कोसळू लागला की दोन हातांवरचं बोलणंही ऐकू येत नाही. सरांच्या कॉलरला छोटा माइक आणि तुझ्या एका कानात इअरफोन, एवढी सोय मागून घे. शेतावर छत्री उपयोगाची नाही, दोन्ही हात बोलण्यात असतात. रेनकोट घे. तो एकरंगी, तुझ्या हातांच्या रंगावर उठून दिसेल असा, बाह्या मनगटाशी घट्ट. फुलाफुलांचा तर मुळीच नको.

कोय कलमाचं, म्हणजे आंब्याच्या कोयीतून उगवलेल्या रोपावर हव्या जातीची काडी बसवण्याचं, प्रात्यक्षिक पावसाच्या सुरुवातीलाच लागेल. तांबूस पानांच्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, मधोमध उभी चीर द्यायची, काडीला पाचरीसारखा काप घेऊन ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. सर हे सगळं बोलत बोलत मिनिटभरात करतील. तू दोन-तीन शब्द मागे असणारच. तू चीर दाखवतेस तोवर तिकडे काडी बसलेली असते, आणि मुलगा तुझ्याकडे बघत राहिला तर सुरी कशी धरली ते त्याने पाहिलेलंच नसतं. यावर एकच इलाज: सरांनी आधी सांगायचं, मग न बोलता करायचं. ते करू लागले की तू हात खाली घे आणि स्वतःही रोपाकडे बघ. मुलगा तुझी नजर धरूनच तिकडे वळतो.

आकड्यांना जप. आंब्याला मोहोर यावा म्हणून कल्टार हे औषध देतात. ‘झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजा, दर मीटरला ३ मिली कल्टार’ या वाक्यातलं ‘दर मीटरला’ गळलं, तर ८ मीटरच्या झाडाला २४ मिलीऐवजी ३ मिलीच पडेल. आकडा आला की मागे राहू नकोस, लगेच दे, आणि सरांना तो फळ्यावर लिहायला लाव. चुकलीस तर तिथेच थांबून ‘चूक माझी’ असं सांग आणि दुरुस्त कर. गुपचूप पुढे गेलीस तर मुलगा चूक सरांच्या नावावर मांडतो.

शब्दांचं वेगळंच. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०२१ मध्ये १०,००० शब्दांवर गेला, तरी हापूसच्या साक्याला (फळाच्या आतला गर खराब होतो तो) किंवा तुडतुड्याला (मोहोरावरच्या किडीला) तयार खूण मिळेलच असं धरून चालू नकोस. कल्टारमधल्या ‘पॅक्लोब्युट्राझोल’चं इंग्रजी स्पेलिंग १३ अक्षरांचं, ते दर वेळी बोटांनी देत बसलीस तर वाक्य निसटतं. पहिल्यांदा पूर्ण दे, मग त्या तासापुरती एक खूण मुलालाच ठरवू दे. तू मनाने खूण बनवू नकोस. भाषा त्याची आहे. त्याच्या शाळेतल्या खुणा तुझ्या डिप्लोमातल्यांपेक्षा वेगळ्या असतील, तर त्या तू शिक.

तोंडी परीक्षेत तुझा आवाज त्याचा असतो. ‘तो म्हणतो’ नाही, ‘मी’ म्हणायचं. त्याचं वाक्य संपेपर्यंत तू गप्प राहणार, आणि ती शांतता परीक्षकाला न येण्यासारखी वाटते, म्हणून आधीच कल्पना दे. उत्तर अर्धवट असेल तर अर्धवटच सांग. इथे पदरचं घातलंस की ती मदत राहत नाही, कॉपी होते.

दुसरा दुभाषी मागच. साधारण २० मिनिटांनी पाळी बदलायची. एकटीने ओढत राहिलं की चुका वाढतात आणि आपल्याला त्या कळतही नाहीत. माणूस मिळेपर्यंत तासाच्या मध्ये १० मिनिटं सुट्टी ठरवून घे. मनगट दुखायला लागलं तर बाम चोळून रेटू नकोस, वेळेत दाखव.

गणपतीत बांगड्या भरशील त्या वर्गाआधी उतरव, मावशी रागावली तर मी बघून घेईन. आणि पुढच्या आठवड्याच्या तासांच्या स्लाइड शुक्रवारीच मागून घे. सोमवारी सकाळी मिळाल्या तर त्या वाचायला तुला वेळ कुठला?

तुझी,
आई