मुठेच्या पात्रातली सुबाभूळ आणि हरवलेला वाळुंज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर पुण्यातल्या म्हात्रे पुलावरून टिपलेले मुठेचे छायाचित्र आणि त्याखालची ‘नदीकाठ बहरला’ ही ओळ पाहिली. छायाचित्रात दिसते ते असे: काठाला सुबाभूळ, तिच्या पायाशी एरंड, पाण्याच्या कडेने पॅरागवत आणि मधल्या गाळाच्या उंचवट्यावर पाणकणीस. यातले पाणकणीस तेवढे इथल्या पाण्यातले, आणि तेही संथ डबक्यात शोभणारे. वाहत्या नदीच्या मधोमध ते माजले आहे, याचा अर्थ तिथे नदी वाहायची थांबली आहे. याला बहर म्हणायचे?

हे एका पावसाळ्यात झालेले नाही. मुठेवरचे खडकवासला धरण 1879 चे, पण त्याची साठवण जेमतेम 1.97 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). ते भरले की पुढचे सगळे पाणी खाली यायचे. मग त्याच्या वरच्या अंगाला आंबी नदीवर पानशेत (10.65 टीएमसी, 1961 ला फुटले आणि पुन्हा बांधले), मोशीवर वरसगाव (12.82) आणि खुद्द मुठेवर टेमघर (3.71) झाले. चारही मिळून 29.15 टीएमसी. आषाढातले पहिले पूर आता ही धरणे भरण्यातच संपतात. पात्रात पाणी येते ते धरणे काठोकाठ आल्यावर, दरवाजे उघडतील तसे. दोन दिवस लोंढा, तिसऱ्या दिवशी दरवाजे खाली आणि पात्र एकदम उघडे. धरणांतले बाकीचे पाणी कालव्याला आणि नळाला जाते. उन्हाळ्यात नदीत उरते ते सांडपाणी.

वाळुंज हे इथल्या नदीकाठचे मूळचे झाड; त्याचे सगळे गणित इथेच बिघडते. त्याचे बी कापसासारखे उडते आणि फार थोडे दिवस जिवंत राहते. तेवढ्यात त्याला उघडा, ओला, उन्हातला गाळ मिळावा लागतो. पूर काठ खरवडून जायचा, मग पाणी हळूहळू उतरायचे आणि रोपाचे मूळ त्या उतरत्या ओलीच्या मागे खाली जायचे. आता पाणी झटक्यात उतरते, ओल पळते, रोप उभ्याउभ्या वाळते. जिथे ओल टिकते तिथे पॅरागवताची गादी असते, बी मातीला टेकतच नाही. शेरणी या नदीपात्रातल्या झुडपाचेही तेच. खडकाच्या फटीत मूळ रोवून पुरात आडवे व्हायचे आणि पाणी ओसरले की उभे राहायचे, अशी तिची लवचीक काठी. पण खडकांवर मैल्याचा थर बसला की फटच उरत नाही. पूर्वी पुरात झाडे जायची आणि लवणारे राहायचे. आता लवणारे गेले आणि झाडे राहिली, तीही परकी.

सुबाभूळ 1970-80 च्या सुमारास चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी सगळ्यांनीच कौतुकाने लावली. तिचे बी मातीत वर्षानुवर्षे टिकते. पात्र खरवडणारा पूर दोन-तीन वर्षे आला नाही की तिची मुळे पक्की होतात, मग साध्या लोंढ्याला ती दाद देत नाही. बुंध्याबुंध्यांत प्लॅस्टिक आणि गाळ अडकतो, पात्र उथळ होते. 25 जुलै 2024 ला सुमारे 35 हजार क्युसेकच्या विसर्गाला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीतल्या घरांत पाणी शिरले, आणि मुठेची निळी पूररेषा (सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) तर 60 हजार क्युसेकची आहे. भराव आणि राडारोडा हे त्यातले मोठे कारण, पण ही झाडीही त्यात धरली पाहिजे.

खरा राग आहे तो दरवर्षीच्या ‘पात्र स्वच्छते’चा. जेसीबी उतरतो, सुबाभूळ गुडघ्याएवढी ठेवून मोडतो आणि जातो. त्या खुंटाला एकाऐवजी सात-आठ धुमारे फुटतात. उकरलेल्या मातीतले जुने बी उजेडाला येते आणि पहिल्या पावसात रोपांचा गालिचा उगवतो. बेशरमाचे तुकडे काठावरच ढीग करून टाकतात. ओलीला टेकलेला प्रत्येक तुकडा मूळ धरतो, एका झुडपाची पन्नास होतात. जलपर्णी काढायला यंत्र येते एप्रिल-मेमध्ये, तोवर ती फुलून तिचे बी गाळात गेलेले असते. उरलेली पहिल्या लोंढ्याबरोबर भीमेत आणि तिथून उजनीत. आणि या सगळ्यात चुकूनमाकून तग धरलेला वाळुंज ‘झुडूप’ म्हणून मुळासकट उपटला जातो. नदीतले जे एकच झाड ठेवायचे तेच जाते, हे दरवर्षी घडते आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही.

काम करायचे तर असे करावे. सुबाभळीची लहान रोपे पावसाळ्यात माती मऊ असताना हाताने, सोटमुळासह उपटावीत. मोठी झाडे शेंगा पिकण्याआधी, खुंटासकट काढावीत आणि त्याच जागी पुढची काही वर्षे दर पावसाळ्यात फेरी मारावी. एका वर्षाचा ठेका दिला तर पैसे वाया जातात. पाणकणीस पाण्याच्या पातळीखाली वीतभर कापावे, म्हणजे कापलेल्या देठात पाणी शिरून खालचे कंद गुदमरतात. पुन्हा फुटले तर दोन महिन्यांनी पुन्हा कापावे. पाण्यावर खुंट ठेवून कापले तर ते जोमाने येते. बेशरम पात्राबाहेर, कोरड्या जागी पूर्ण वाळवावे. आणि वाळुंज लावावा तो पूर ओसरल्यावर, नोव्हेंबरात: अंगठ्याएवढी जाड, दोन हात लांब फांदी, खालचे टोक तिरके कापून, डोळे वरच्या दिशेला ठेवून, दीड हात ओल्या गाळात. पुढच्या पुराआधी तिला मुळे धरायला सहा-सात महिने मिळतात. करंज, उंबर, जांभूळ वरच्या उतारावर. पात्रातच लोखंडी जाळ्या लावून वड-पिंपळ लावण्याचे जे कार्यक्रम होतात ते कृपया थांबवावेत. ती रोपे जाळीसकट वाहतात आणि पुलाच्या कमानीत कचरा अडकवतात.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर खडकवासल्याचा ‘साठा’ क्युसेकमध्ये छापला आहे. क्युसेक म्हणजे सेकंदाला वाहणारे घनफूट, साठा टीएमसीत मोजतात. 11,574 क्युसेक अखंड चोवीस तास वाहिले की एक टीएमसी होतो. या हिशेबाने वरून पाणी येणे थांबले तर 35 हजार क्युसेकने भरलेले खडकवासला सोळा तासांच्या आत रिकामे होईल. नदीकाठच्या माणसाला हा फरक कळणे गरजेचे आहे, तेव्हा दुरुस्ती छापावी.

आणि पुन्हा छायाचित्र छापाल तेव्हा वाळुंजाच्या फांदीचे, जवळून घेतलेले छापा: पान लांबट, टोकदार, वरून हिरवे, खालून पांढुरके. जेसीबीवर बसलेल्या माणसाला निदान ते ओळखता येईल.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे