'सांग' आणि 'खा'

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परदेशात वाढणाऱ्या मुलांचं मराठी कसं टिकवायचं यावर आपल्याकडे अधूनमधून पत्रं छापून येतात. आमच्या घरात मराठीच्या जोडीला कुरआनची अरबीही शिकणं चालू आहे. ती शिकताना माझीच फजिती झाली, म्हणून हे पत्र.

मुलगी नऊ वर्षांची. एका संध्याकाळी तिच्याकडून सूरह इख्लास, म्हणजे कुरआनातला एक छोटा अध्याय, म्हणून घेत होते. चारच आयती (वचनं), मला लहानपणापासून तोंडपाठ. मी सुरुवात करून दिली आणि ती हसायलाच लागली. म्हणाली, "अम्मी, तू 'सांग' म्हणतच नाहीस, 'खा' म्हणतेयस!" सूरहचा पहिला शब्द 'कुल', म्हणजे सांग. त्यातला क पडजिभेजवळून, घशाच्या तोंडाशी काढायचा असतो. तो थोडा पुढे, आपल्या 'कमळ'मधल्या कसारखा काढला की अरबीत त्याचा अर्थ 'खा' होतो. 'कुल'नेच सुरू होणाऱ्या ज्या सूरहंना आपण चार कुल म्हणतो त्या चारही मी तीसेक वर्षं नमाजमध्ये अशाच म्हणत आले होते.

त्या रात्री मी तिचा कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीची पुस्तिका, उघडून बसले. क तरी सोपा, खरी परीक्षा ज घेतो. जकात, अजान, नजर आणि अर्ज हे चार शब्द मराठीत म्हणून पाहा. आपल्या कानाला चारही ठिकाणी एकच ज ऐकू येतो. अरबीत ही चार वेगवेगळी अक्षरं आहेत, आणि प्रत्येकाचा उच्चार वेगळा. 'अर्ज'मधलं अक्षर तर जिभेची कड वरच्या दाढांना लावून काढायचं. कर्ज, गरज, हजर, मर्जी हे सगळे शब्द त्याच अक्षराचे. आपण ज्याला रमजान म्हणतो त्याला अरब रमदान का म्हणतात, हेही मला तेव्हा उमगलं. अक्षर तेच, आपल्याकडे येता येता त्याचा ज झाला. (मराठी शिकवणाऱ्यांनी हे जरूर सांगावं. अर्ज लिहिताना मुलांना गंमत वाटेल.)

दुसरा घोळ प्रतीचा. मी येताना सोबत आणलेलं कुरआन आपल्याकडच्या छपाईचं. मुलीच्या वर्गात मदिनेच्या छपाईचं, ६०४ पानांचं, जिथे प्रत्येक पान आयत संपली की संपतं. शब्द तेच, पण खुणा निराळ्या. माझ्या प्रतीत समासात रुकूची खूण, तिच्यात हिज्बची; दोन्ही वाचनाचे भाग पाडण्याच्या वेगवेगळ्या पद्धती. थांबायच्या खुणाही जुळत नाहीत. मी म्हणायचे, "रुकूपर्यंत वाच," ती विचारायची, "म्हणजे कुठपर्यंत?" अ-इ-उ या स्वरांच्या खुणांना फोनवर तिची नानी जबर-जेर-पेश म्हणते, ही फतहा-कसरा-दम्मा सांगते, आणि दोघींना वाटतं समोरचीला काही येत नाही. ज्या घरांत मूल एका छापातून शिकतं आणि आई-बाप दुसऱ्यातून उजळणी घेतात, तिथे मूल मागे पडलं की दोष त्याच्या डोक्याला दिला जातो. आधी दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात.

मला तक्रार करायची आहे ती आम्हा पालकांबद्दल. नोकरी, थंडीतले लहान दिवस, त्यात कचेरीच्या वेळेतच आटपावी लागणारी जोहर आणि असर या दुपारच्या नमाजा, उन्हाळ्यात मुलं झोपून गेल्यावर येणारी रात्रीची इशा. यात जीव दमतो हे खरं. मग आठवड्यातून दोनदा मुलाला स्क्रीनसमोर बसवायचं, दार लोटून घ्यायचं आणि कुरआनचे किती पारे (भाग) झाले एवढंच विचारायचं. शिकवणारे दुसऱ्या देशात, त्यांच्याकडे तेव्हा पहाट. आमच्या पहिल्या वर्गात तर पारे भराभर उरकण्याचीच घाई होती. तीस पारे संपले की खत्म (पूर्ण वाचन), फोटो, अभिनंदन, आणि नंतर वर्षभर कुरआन कपाटावर. मुलीचा तो वर्ग आम्ही सोडला, जरा उशिराच.

ॲप वाईट नाहीत, मीही वापरते. पण कुरआन पहिल्यापासून तोंडातून कानात गेलेलं आहे. समोर बसून ऐकणारं आणि चुकलं की थांबवणारं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी घरातच असावं, आणि त्यासाठी त्यानं आधी स्वतः चुकायला तयार असावं. आम्ही मोठी माणसं मुलांसमोर अडखळायला लाजतो. वास्तविक, जो अडखळत, कष्टाने कुरआन वाचतो त्याला दुप्पट सवाब (पुण्य), ही हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. माझ्या आईला ती वाचून दाखवली तेव्हा ती फोनवर बराच वेळ गप्प होती.

आणि एक अनपेक्षित फायदा सांगते. शेजारी बसू लागले तशी मुलगी अर्थ विचारू लागली. कुरआनच्या पहिल्या सूरहत, फातिहात, 'रब्ब' येतं. मी म्हटलं, पालनकर्ता. तो शब्दच तिला ठाऊक नव्हता. मग पाळणारा, सांभाळणारा, हळूहळू वाढवत नेणारा, असं करत पंधरा मिनिटं गेली. पुढच्या आठवड्यात कुंडीतल्या रोपाला पाणी घालताना म्हणाली, "मी याची पालनकर्ती." तिला म्हटलं, देवाशी बरोबरी नको, पण व्याकरण बरोबर होतं.

जिथे जिथे मशिदींतून मुलांचे वर्ग भरतात, तिथल्या व्यवस्थापकांनी मागच्या बाजूला पालकांसाठीही एक सतरंजी घालावी, एवढंच सुचवायचं आहे. मुलांच्या गतीनं, मुलांच्याच कायद्यातून. मी अजून पाचव्या पाऱ्यात आहे. मुलगी अकराव्यात, आणि माझ्यासाठी थांबायला ती अजिबात तयार नाही.

आपली,
परदेशातील एक वाचक