'पहिल्यांदाच' हा शब्द मागे घ्या

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कालची पुरवणी वाचली. आमच्याकडे पेपर 11 च्या एसटीने येतो, हाती पडेपर्यंत दुपार होते, आणि काल दुपारपासून जे डोकं फिरलं ते अजून जागेवर आलं नाही, म्हणून आज चहा झाल्याबरोबर लिहायला बसलो. घरचे म्हणाले कायले लिहिता, ते थोडीच छापणार आहेत. नका छापू, पण वाचा तरी.

पहिल्या पानावर गाडगेबाबांवर अर्धं पान दिलं, चांगलं केलं, पुण्यतिथी होती. पण त्या अख्ख्या लेखात बाबा म्हणजे काय तर 'स्वच्छतेचे ब्रँड अॅम्बेसेडर'. अहो, ब्रँड अॅम्बेसेडर साबणाचे आणि बनियनचे असतात आणि त्यांना त्याचे पैसे मिळतात. बाबांच्या अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर, एका कानात कवडी आणि दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा. अशा माणसाला तुमच्या लेखकाने कुठल्या कंपनीत भरती केलं देव जाणे. शिवाय बाबा अमरावतीला वारले असं छापलं. 20 डिसेंबर 1956 ला ते वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच गेले, अमरावतीला पोचलेच नाहीत. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा 14 दिवस झाले होते. अमरावती जिल्ह्यात खपणाऱ्या पेपरला हे कोणीतरी सांगायला पाहिजे म्हणून सांगतो. वलगाव तुमच्या ऑफिसपासून काही चंद्रावर नाही.

पण माझा राग तो नाही. राग पान तीनचा आहे.

पान तीनवर आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा रंगीत फोटो, गळ्यात हार, हातात तुमच्याच पेपरचं सन्मानचिन्ह आणि वर मथळा 'आजचे गाडगेबाबा'. नाव मी लिहीत नाही, तुम्ही मोठ्या अक्षरात छापलेलंच आहे. त्यांच्या कार्यात म्हणे आमच्या फाट्यावरची पाणपोई, आणि पुढचं वाक्य जसंच्या तसं लिहितो, 'गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच प्रवाशांची तहान भागली'.

पहिल्यांदाच.

साहेब, त्या फाट्यावर माझी आई 1978 पासून 2004 पर्यंत पाणपोई चालवत होती. एक उन्हाळा चुकला नाही. वडील गेले त्याच्या पुढच्या गुढीपाडव्याला तिने कडूनिंबाखाली दोन रांजण मांडले, भोवती पोतं गुंडाळलं, एक वगराळं आणि दोन पितळी गडवे. पाडव्याला सुरू आणि मृग लागला की बंद. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, दर्यापूरकडच्या माणसाला सांगायला नको, विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर थुंकावं लागते, डाळ शिजत नाही. शहानूर धरणाचं नळाचं पाणी यायच्या आधी गोडं पाणी म्हणजे नदीतल्या झिऱ्याचं. वाटीवाटीने उपसायचं, कपड्यातून गाळायचं, डोक्यावर घागर, कमरेवर दुसरी, अशा चार खेपा उजाडायच्या आत. मग दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदायला. मी तेव्हा सातवीत होतो, शाळेत जायच्या आधी एक खेप माझ्या डोक्यावर असायची आणि खोटं कशाला बोलू, मला त्या रांजणांचा भयंकर राग यायचा. आपल्या घरी पाणी मोजून आणि फाट्यावर फुकट वाटते, असं मी एकदा बोललो तर तिने मला त्या दिवशी तिथेच बसवलं, एक वाजताच्या उन्हात, पाणी पाजायला. एक म्हातारा कापूस जिनिंगला टाकून रिकाम्या बंडीवर परत चालला होता, तो चार गडवे प्यायला, पाचवा बैलांच्या तोंडावर मारला आणि एक शब्द न बोलता गेला. मी आईला म्हटलं साधं बरं झालं म्हणून पण नाही म्हणाला. तर ती म्हणे, "त्याच्या नरड्यात ओल आली ना, मंग झालं."

हे तिला कुठून आलं तर ऋणमोचनहून. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, पौषातल्या रविवारी ऋणमोचनच्या यात्रेला जायचे, बाबांचं कीर्तन ऐकायचे. पूर्णेच्या काठावर चिखलात लोक घसरायचे म्हणून बाबा तिथे वाट साफ करायचे, पुढे घाटच बांधला. आजोबा एकदा पाया पडायला वाकले तर पाठीत काठी बसली, आणि ती काठी ते मरेपर्यंत मिरवत होते, सोयरे आले की सदरा वर करून जागा दाखवायचे, जसं काही सरकारने मेडल दिलं. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, हे त्यांनी आईला सांगितलं आणि तिने आपल्याला जमते ते उचललं. अन्न द्यायची ऐपत नव्हती. पाणी होतं, म्हणजे नव्हतं, पण आणता येत होतं.

सुरुवातीला गावातल्या दोन-तीन मोठ्या घरांतून निरोप आला की सगळ्यांना एकाच गडव्याने पाजू नको, काही लोकांसाठी वेगळा ठेव. आईने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दोनातला एक गडवा घरी आणून ठेवला आणि फाट्यावर एकच ठेवला.

बोर्ड नव्हता. एसटीच्या एका कंडक्टरने एकदा हौसेने सांगितलं मावशी मी रंगवून आणतो 'अमुकबाईंची पाणपोई', तर म्हणाली, "पाटी वाचाले थांबन का तहानेला मानूस? राहू दे बाप्पा." म्हणून तिचं नाव कुठे नाही, ना ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात ना तुमच्या पेपरात. मान्य आहे.

आता तुमचे आजचे गाडगेबाबा. तीन वर्षांपूर्वी फाट्यावर जेसीबी आला, स्टीलच्या वॉटर कूलरसाठी ओटा बांधायचा होता. निंबाचा पार गेला, एक रांजण फुटला. दुसरा मी घरी आणला, त्यात आता गाईची ढेप असते. कूलरवर बोर्ड कूलरपेक्षा मोठा, त्यावर एक स्वर्गीय आणि सात जिवंत माणसांचे फोटो. महिनाभर थंड पाणी आलं, ते मीपण प्यालो, नाही म्हणणार नाही. मग बिल कोणी भरायचं यावर घोडं अडलं, कनेक्शन कापलं, आज नळाच्या तोट्याही जागेवर नाहीत. बोर्ड मात्र दर वाढदिवसाला नवा. आणि त्याच कूलरचा उद्घाटनाच्या दिवशीचा फोटो तुम्ही काल छापला, तीन वर्षं जुना, कारण त्यात मागे निंब अर्धा दिसतो, आता तो नाही.

ज्या ट्रस्टच्या नावाने हा कारभार चालतो त्याचे अध्यक्ष ते स्वतः, सचिव त्यांच्या मिसेस आणि कोषाध्यक्ष साळे, हेही तुम्हीच छापलं, कौतुकाने. आता बाबांचं बघा. नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी, मुंबई, कुठे कुठे धर्मशाळा बांधल्या, लाखांनी पैसा हातातून गेला, आणि बायको कुंताबाई ऋणमोचनला झोपडीत. धर्मशाळेवर घरच्या माणसाचा हक्क नाही म्हणजे नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 मध्ये बाबासाहेबांच्या शिक्षण संस्थेला देऊन टाकली. माझा कोणी शिष्य नाही असं सांगणारा माणूस तो, त्याची 'आजची आवृत्ती' तुम्ही जाहिरात खात्यातून काढता. हो, जाहिरात खात्यातून. सन्मानाच्या पॅकेजचा रेट आमच्या गावातल्या एका कृषी केंद्रवाल्यालाही फोनवर सांगितला होता, त्याला 'कृषिरत्न' व्हायचं होतं, आकडा ऐकून बिचारा साधा दुकानदारच राहिला.

आता 27 तारखेला भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांची जयंती येते. 1932 मध्ये शिवाजी शिक्षण संस्था काढली म्हणून आमच्यासारख्या कास्तकारांची पोट्टी कॉलेजची पायरी चढली, मी स्वतः त्यातला. तेव्हा पान तीनवर 'आजचे भाऊसाहेब' कोण येणार याची धास्ती आतापासूनच बसली आहे. कृपा करून एखादा कोचिंग क्लासवाला नको.

हे सगळं लिहिताना मलाच थोडं ओशाळल्यासारखं झालं, की आईला पाटी नको होती आणि तिचा पोरगा पेपरवाल्यांशी नावासाठी भांडतो. म्हणून स्पष्ट लिहितो. तिचं नाव छापू नका, मी या पत्रात कुठे लिहिलेलंच नाही. सत्कार नको, शाल नको, 'उपेक्षित समाजसेविका' म्हणून लेख तर मुळीच नको. मला फक्त दुरुस्ती पाहिजे. पान तीनवरच, कोपऱ्यात, दोन ओळीत, की त्या फाट्यावर प्रवाशांची तहान पहिल्यांदाच भागली हे चूक आहे, आधी 26 वर्षं भागत होती आणि सध्या भागत नाही. खात्री करायची असेल तर तुमच्या वार्ताहराला मे महिन्यात दुपारी पाठवा. पाण्याची बाटली त्याने घरूनच आणावी.

आपला,
एक जुना वर्गणीदार
ता. दर्यापूर, जि. अमरावती

ता. क. — कापसाचे भाव तुम्ही तीन दिवस जुने छापता. सोमवारचा भाव गुरुवारी वाचून माणूस गाडी भरतो आणि मार्केटला गेल्यावर व्यापारी हसतो. मागे याच विषयावर पत्र पाठवलं होतं, ते तुम्ही अर्धं कापून छापलं आणि उरलेल्या अर्ध्यात माझं गाव अकोला जिल्ह्यात नेऊन ठेवलं.