नागद्वारीला जाताना हात मोकळे ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘श्रावणातल्या यात्रांना जाताना सोबत काय घ्याल’ अशी यादी वाचली. यादी चांगली आहे, पण ती पायऱ्या, धर्मशाळा आणि दिवाबत्ती असलेल्या देवस्थानांसाठी आहे. आमच्या विदर्भातून हजारो लोक मध्य प्रदेशातल्या पचमढीच्या नागद्वारीला, म्हणजे डोंगरातल्या नागदेवाच्या गुहेला, जातात, तिथे ती नेली तर फजिती होईल. माझी झाली होती, म्हणून हे पत्र.

सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातली ही वाट वर्षातून फक्त नागपंचमीच्या आधीचे दहाएक दिवस उघडते. मागच्या साली नागपंचमी 29 जुलैला होती. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 17 ऑगस्टला आहे, म्हणजे डोंगर आणखी भिजलेला असणार. महाशिवरात्रीला पचमढीच्याच चौरागडावर महादेवाला त्रिशूळ खांद्यावर घेऊन जाणं वेगळं, तिथे तेराशेच्या आसपास पायऱ्या तरी आहेत. नागद्वारीची पायी वाट सुरू होते त्या जलगलीच्या पुढे नुसती पायवाट. चिखल, ओढे, शेवाळलेले दगड आणि मधूनमधून लोखंडी शिड्या. पुढच्या माणसाची टाच आपल्या नाकासमोर आणि मागच्याचं डोकं आपल्या पायाशी. अशा शिडीवर दोन्ही हात लागतात. यादीत हे एक वाक्य असतं तर बाकीची निम्मी यादी आपोआप गळली असती.

पहिल्या वर्षी मी पाठीवर एक बॅग, एका हातात डब्याची थैली आणि दुसऱ्या हातात चपलांची पन्नी (प्लास्टिकची पिशवी) अशी निघाले. सावनेर, छिंदवाडा, परासिया, तामियापर्यंत गाडीत सगळं ठीक. पहिल्याच शिडीखाली मी थांबले आणि मागे रांग तुंबली. मागचे एक आजोबा, वऱ्हाडातले असावेत, म्हणाले, “काऊन वं बाई, बिऱ्हाड हालवून राह्यली का?” सगळा पोहा हसला. (महादेवाला निघालेल्या जथ्याला आमच्याकडे पोहा म्हणतात, खायच्या पोह्यांशी संबंध नाही.) त्यांच्याकडे पाहिलं तर पाठीवर शिवून घेतलेली खताच्या पोत्याची पिशवी, कमरेला दुपट्टा आणि हातात काठी. शिडी आली की काठीसुद्धा पाठीमागे खोचायचे.

आता मी काय नेते ते सांगते. कपड्यांचा एकच जादा जोड, तोही पटकन वाळणारा. जीन्स अजिबात नको, भिजली की दहा किलोची वाटते. टॉवेलऐवजी दुपट्टा, तो अंग पुसायला, डोक्याला बांधायला, रात्री पांघरायला सगळ्याला चालतो. छत्री घरीच. गर्दीत तिच्या काड्या दुसऱ्याच्या डोळ्यात जातात, आणि ती धरायला परत एक हात लागतो. मेणकापडाची बरसाती पुरते. पायात मागून पट्टा असलेली प्लास्टिकची सँडल, कारण कॅनव्हासचे बूट पाणी धरून बसतात. टॉर्च डोक्याला बांधायची. दहा-वीसच्या सुट्या नोटा हव्यातच. दरीत मोबाईलला रेंज नसते, मग चहावाल्याला स्कॅन करून पैसे देणार कसे?

शिदोरीचा सोस मात्र सोडा. वाटेत विदर्भातल्या मंडळांचे ताडपत्रीचे तंबू असतात, तिथे गरम खिचडी नाहीतर भाजी-पुरी मिळते आणि आग्रह करून वाढतात. गूळ-फुटाणे खिशात असले की झालं. पचमढीत हातात पन्नी दिसली की माकडं ती ओढतात, हेही लक्षात असू द्या.

आता औषधं, कारण यादीत ‘नेहमीची औषधे’ या दोन शब्दांत ती उरकली आहेत. आमच्या थोरल्या वहिनींनी बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या पाकिटातून सोडवून, जड होऊ नये म्हणून, कागदाच्या पुडीत बांधल्या होत्या. नागद्वारीच्या पद्मशेष गुहेशी पोचेपर्यंत त्या पुडीचा पांढरट-गुलाबी लगदा झाला होता. डॉक्टरांची चिठ्ठीही त्यातच. आरोग्य शिबिरातल्या पोरीने औषधाचं नाव विचारलं तर वहिनी म्हणाल्या, “सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी.” ती बिचारी काय करणार? तेव्हापासून आमच्याकडे गोळ्या पाकिटासकट, झाकण घट्ट बसणाऱ्या डबीत असतात. डबी ज्याची त्याच्याजवळ, कारण गर्दीत चुकामूक झाली की एकाची औषधं दुसऱ्याच्या पाठीवर राहतात. म्हाताऱ्या माणसांच्या नावाचा आणि घरच्या नंबरचा कागद प्लास्टिकमध्ये घालून दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारून ठेवतो. हातावर पेनाने लिहिलेला नंबर पहिल्या ओढ्यातच धुऊन जातो.

नारळाबद्दल लिहिलं तर काहींना राग येईल, तरी लिहिते. 25 जानेवारी 2005 ला मांढरदेवीला चेंगराचेंगरीत सुमारे 300 माणसं गेली. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, हे तेव्हा आपल्यासारख्या सगळ्याच वर्तमानपत्रांनी छापलं होतं. नागद्वारीची वाट आधीच निसरडी. माझ्या पिशवीत लिंबू आणि कापूर असतो. नारळ मी घरच्या देवापुढे फोडून निघते.

आणखी एक. नेलेली प्रत्येक पन्नी परत आणायला एक रिकामी थैली हवी. माझी मागच्या साली वाटेतल्या काजळी गावापर्यंतच भरली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त पन्न्या माझ्या नव्हत्या.

यंदाच्या यात्रेआधी जमलं तर नागद्वारीपुरती वेगळी चौकट छापावी, ही विनंती. आणि त्यात ‘चाकांची बॅग’ नको. आमच्या गावच्या एका जावईबापूंनी ती आणली होती, आणि तंबूपर्यंत डोक्यावर वाहून नेली.

आपली,
एक वाचक, काटोल (जि. नागपूर)